आधी मलमपट्टी, मग अपघात

या सदरातल्या हकिकती मी नियमाने वाचतो आणि नियमाने चिडतो. कुणाला आडवाटेला बाई दिसते, कुणाला पुलावर म्हातारा तंबाखू मागतो... आणि सांगणारा दरवेळी एकटा, दरवेळी दमलेला, दरवेळी काळोख. असा माणूस माझ्याकडे आला असता तर मी आधी त्याचा ताप बघितला असता. मी कंपौंडर होतो, आता निवृत्त आहे. सगळा जन्म जखमा धुण्यात आणि हाडं बांधण्यात गेला. लोक जखमेबद्दल काय वाटेल ते सांगतात. "जिन्यावरून पडलो" म्हणतात आणि दंडावर चक्क दातांचे ठसे असतात. म्हणून मी माणसाचं ऐकायचं सोडून जखमेकडे बघायला शिकलो. भूतखेत, देवाचं, बाहेरचं — यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही.

म्हणूनच हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. भुताची गोष्ट असती तर एक वेळ परवडलं असतं. पण भूत वगैरे काही नव्हतंच. सगळं झालं ते दिवसाउजेडी, साठ-सत्तर माणसांच्या देखत, आणि तरीही मला आजतागायत त्याचा रिपोर्ट नीट लिहिता आलेला नाही.

पहिलं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. कारवार जिल्ह्यातल्या सुप्याच्या रानात, जोयड्याहून अणशीकडे जाताना डाव्या अंगाला एका मोठ्या ओढ्यावर एक खाजगी कंपनी छोटं वीजघर बांधत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, ती बुडूनही जमाना झाला. ओढ्याच्या पाण्यावर वीज काढायची, चार मैल रानातून तारा न्यायच्या आणि पलीकडच्या मँगनीजच्या खाणीवर दिवे लावायचे असा बेत. मी बेळगावात एका डॉक्टरांकडे होतो. कॅम्पावर कंपौंडर पाहिजे असं कळलं आणि तरुणपणाच्या हौसेने गेलो. पहिल्याच आठवड्यात हौस फिटली. पायाला जळवा, औषधाच्या पुड्यांना बुरशी, आणि मी हजारदा सांगूनही सगळे मला "डाक्टर" म्हणायचे.

कॅम्प खाणीपासून अर्ध्या मैलावर, त्याच ओढ्याच्या वळणावर होता. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि दोन खाटा. मजूर निम्मे खानापूरकडचे, निम्मे आसपासच्या रानातले कुणबी. कामावर मिंगेल मेस्त्री, गोव्याकडचा. उंच, दांडगा, शिव्या देताना कोकणी आणि देवाचं नाव घेताना पोर्तुगीज. आणि सगळ्यांच्या वर इंजिनियर नाडकर्णीसाहेब. चाळिशीचे, मुंबईत शिकलेले, आठ दिवस शिळं वर्तमानपत्र इस्त्री केल्यासारखं घडी करून वाचणारे. नाडकर्णीसाहेबांना कुठलीही गोष्ट कागदावर रकान्यात बसलेली लागे.

सुरुवात भरमापासून झाली. भरमा खानापूरकडचा, खांबाच्या बुडाशी उभं राहून दोराने सामान वर ओढायचं त्याचं काम. एका सकाळी त्याची बायको गंगव्वा त्याला धरून घेऊन आली. उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं आणि वर अर्धचंद्रासारखी खोल चीर.

मी विचारलं, "काय पडलं अंगावर?"

"काय बी न्हाई," भरमा म्हणाला.

"मग झालं कसं?"

"भाकरी मोडत हुतो. बसल्याजागी खांद्यात आग झाली, आनि हे असं."

"अरे, बसल्याजागी हाड मोडतं का? मारामारी केलीस?"

गंगव्वा पदर खोचून पुढे आली. "मी समोर बसलेली हुतो, डाक्टर. सा मानसं हुती पंगतीला. तुमी त्येला खोटा पाडूलालाय व्हय?"

सहाही माणसांना बोलावून विचारलं. सहाही जण तेच सांगत होते. मी तोंड बंद करून जखम धुतली. धुताना चिमट्याला काहीतरी लागलं. नखाएवढा पांढरा तुकडा निघाला — चिनी मातीचा, एका बाजूने गुळगुळीत, किंचित वळलेला. म्हणजे कप फुटला, मी म्हटलं, कपानेच हाणामारी झाली. पण अख्ख्या कॅम्पात चिनी मातीचा कप एकच, तो साहेबांचा, आणि तो धड होता. तुकडा मी एका छोट्या बाटलीत टाकून ठेवला. का ते विचारू नका. जखमेतून निघालेली वस्तू मी टाकत नाही, इतकंच.

साहेबांनी भरमासाठी स्वतःचा पलंग दवाखान्यात पाठवून दिला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. पण रिपोर्टात "इजा कशाने झाली" असा रकाना होता. त्यात मी "समजत नाही" लिहिलं, आणि रिपोर्ट परत आला. "माहीत नाही" लिहिलं, तो पुन्हा परत आला.

आठ दिवसांनी लोंढ्याहून बैलगाड्या आल्या. त्यात खोकी होती, आणि खोक्यांत गवतात गुंडाळलेले, खांबावर तारा बांधायचे चिनी मातीचे इन्सुलेटर. मी ते जन्मात पहिल्यांदाच बघत होतो. तोवर कॅम्पात त्यातला एकही नव्हता. ही गोष्ट मी दहादा खात्री करून घेतलेली आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी क्विनाईनच्या गोळ्या वाटायला लाइनवर गेलो होतो. चौदाव्या नंबरच्या खांबावर माणूस चढलेला. त्याच्या हातून एक इन्सुलेटर लोखंडी खिळ्यासकट सुटला आणि खाली आला, अगदी दोर ओढणारा जिथे उभा राहतो तिथे. तिथे कुणी नव्हतं. भरमा खाटेवर, माणसं कमी, म्हणून त्या दिवशी दोर मत्तीच्या झाडाला बांधला होता. मी तो इन्सुलेटर उचलला. कडेचा टवका उडालेला. टवका कुठे पडला म्हणून चौघांनी पाचोळा चाळला, माती चाळली. मिळेना. आणि मग मला ती बाटली आठवली.

दवाखान्यात येऊन बाटलीतला तुकडा त्या कडेला लावला. बसला. असा बसला की फट दिसेना.

मी दोन्ही वस्तू घेऊन तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी तुकडा लावून पाहिला, काढून पाहिला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "कंपौंडर, इजेची तारीख अपघातानंतरची हवी. दुरुस्त करा."

"साहेब, पण तो अकरा दिवस माझ्या खाटेवर पडलाय!"

"मग अपघाताची तारीख दुरुस्त करा."

आता सांगा, अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं?

दुसरा यल्लाप्पा, तोही दोर ओढणारा. ओढ्यावर धोतर धूत बसला होता, आजूबाजूला दहा माणसं. एकदम बोंबलला. डाव्या पायाची दोन बोटं चेचलेली, जखमेत कप्पीला लावतात तसलं काळं ग्रीस. ओढ्यात ग्रीस कुठून येणार? मी ड्रेसिंग करत असताना गळ्यात हात बांधलेला भरमा खाटेवरून शांतपणे म्हणाला, "आता कप्पी पडनार बगा."

"गप रे!" मी खेकसलो.

चौथ्या दिवशी कप्पी पडली. वीस-बावीस पौंडांचं लोखंड खांबावरून निसटून यल्लाप्पाच्या जागेवर आलं आणि ओल्या मातीत रुतून बसलं. यल्लाप्पाच्या बदली आलेला माणूस डावखुरा होता म्हणून दोराच्या पलीकडे उभा होता, नाहीतर... पण त्याला खरचटलंही नाही.

इथून पुढे माझं जगणं मुश्कील झालं. कॅम्पाने आपला एक हिशेब मांडला: वरून काही पडायचं असलं की घाव आधी येतो. ज्याचा त्याला येतो. मग वस्तू पडते तेव्हा कुणाला लागत नाही. झालं! रोज सकाळी दवाखान्यासमोर रांग. औषधाला नव्हे, चौकशीला. मिंगेल मेस्त्री दारात उभा राहून विचारी, "आयज कोण?"

कुणाला नवी जखम असली की त्या दिवशी खांबाखाली कुणी जात नसे. ती वस्तू एकदाची पडू दे, मग जाऊ म्हणत आणि विड्या ओढत बसत. पण रानातला माणूस म्हटल्यावर जखमा असणारच. कुणाला कोयता लागे, कुणाला काटा, कुणाला जळू. दरवेळी मला विचारणार, "डाक्टर, ह्यो घाव खालचा का वरचा?" मी काय प्रमाणपत्र देणार? रागाने "खालचा!" म्हणून हाकलून द्यायचो. मग ते माझ्या भरवशावर कामाला जायचे, आणि दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

याहून वाईट म्हणजे कुणालाच जखम नसली तर ही मंडळी बिनधास्त खांबाखालून ये-जा करत. वर बघायचं नाही, हाक ऐकायची नाही. मी एकदा लाइनवर जाऊन ओरडलो, "अरे, निदान वर तरी बघा!"

एकजण हसत म्हणाला, "वर कशाला बघायचं? आज दवाखाना रिकामा हाय."

साहेबांना मी सांगितलं, हे थांबवा, नाहीतर खरोखरीच कुणीतरी मरेल. ते म्हणाले, "तुम्हीच तो तुकडा घेऊन कॅम्पभर हिंडलात." मी कॅम्पभर हिंडलो नव्हतो. फक्त त्यांच्याकडे गेलो होतो. पण असो.

माघ लागला. उळवीची जत्रा तोंडावर आली. जत्रेला निम्मा कॅम्प गाड्या जुंपून जाणार हे ठरलेलं, आणि गेलेली माणसं कधी परततील याचा नेम नाही. साहेबांनी कंपनीला कळवलं होतं की जत्रेआधी खाणीवर दिवा लागेल. राहिलं होतं ते सगळ्यांत जड काम. खाणीजवळ दोन खांबांच्या मधल्या माच्यावर ट्रान्सफॉर्मर चढवायचा. अर्ध्या टनाचं लोखंडी धूड, आत तेल. सगळ्यांच्या मनात एकच, की याचा घाव कुणाला येणार? कप्पीने दोन बोटं गेली होती. याने काय राहील?

कामाच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी बाटल्या पुसत होतो. नाडकर्णीसाहेब आत आले. अंगावर कोट नुसता टाकलेला. त्यांनी दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसले.

"घसरलो," ते म्हणाले. "ओढ्यावरच्या दगडावरून."

मी कोट बाजूला केला. उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती. चेहरा घामाने निथळत होता, पण बूट कोरडे खडखडीत. मी कंदील जवळ ओढला. कातडीवर लांबट खळगे उमटले होते, एकाला एक लागून, ओळीने. चार पूर्ण आणि पाचवा अर्धा. कड्या मोजता येत होत्या.

"साहेब, ओढ्यात साखळी होती?"

"घसरलो असं लिहा."

"उद्या ट्रान्सफॉर्मर साखळीनेच—"

"कंपौंडर!" त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा आवाज खाली आणला होता. "उद्या काम होणार. मी तिथे हजर असणार. हे बाहेर एका माणसाला जरी कळलं तरी सगळे हात खाली टाकून बसतील आणि उळवीला निघून जातील. तुम्ही बोललात तर पुढच्या गाडीने बेळगावला. समजलं?"

समजलं. मी हाड बसवलं, फळ्या लावल्या, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. ते गेले आणि मी डोकं धरून बसलो. भरमाच्या वेळी भरमा खाटेवर होता. यल्लाप्पाच्या वेळी यल्लाप्पा खाटेवर होता. घाव झालेला माणूस त्या वेळी, त्या जागी स्वतः जाऊन उभा राहिला तर काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि हा गृहस्थ मुद्दाम जाऊन उभा राहणार होता! आणि त्याच वेळी मी स्वतःलाच विचारत होतो, की गोविंदा, तू हे काय मानायला लागलास?

सकाळी मी त्यांच्या तंबूत गेलो आणि औषध दिलं. नेहमीच्या दुप्पट. हे मी लपवणार नाही, तेव्हाही लपवलं नाही. वरिष्ठाला न सांगता झोपवलं. साहेब उठले नाहीत म्हणजे काम आपोआप पुढे जाईल, असं मी धरून चाललो. पाव तासात त्यांना गाढ झोप लागली.

इकडे दवाखान्यासमोर अख्खी पलटण उघडी होऊन उभी. मिंगेल मेस्त्री म्हणाला, "बघ डाक्टर, एकेकाक बघ." मी एकेकाला तपासलं. कुणाच्या अंगावर ताजा ओरखडासुद्धा नव्हता.

"यांच्यात कुणाला नाही," मी म्हणालो. शब्दाला शब्द खरं. "पण साहेबांना बरं नाही. ते झोपलेत. ते उठेपर्यंत थांबा."

मेस्त्रीने मान हलवली. ती मान "हो" म्हणून हलली असं मी समजलो. मी परत जाऊन साहेबांची नाडी बघितली, दवाखान्यात आलो, पाणी उकळत ठेवलं... आणि खाणीच्या बाजूने "हैश्शा! हैश्शा!" ऐकू आलं.

अर्धा मैल मी पळत गेलो. माझ्यासारखा चष्म्याचा माणूस, पायात चपला, वाटेत दोनदा पडलो. पोचलो तेव्हा ट्रान्सफॉर्मर साखळीला लोंबत माणसाच्या दुप्पट उंचीवर गेला होता. एका बाजूने मुख्य दोर ओढणारे पंधरा-वीसजण. दुसऱ्या बाजूने तो हेलकावू नये म्हणून आडवा दोर ताणून धरणारे सहाजण, त्यात खांदा बरा होऊन नुकताच कामावर आलेला भरमा. सहाहीजण लोंबत्या धुडाच्या जवळजवळ खालीच. आणि साहेबांच्या शिपायाने त्यांची घडीची खुर्ची रोजच्यासारखी मांडून ठेवलेली, रिकामी.

"थांबा!" मी ओरडलो. "घाव आहे! घाव झालाय!"

मेस्त्रीने दोरावरची नजर न काढता विचारलं, "कोणाक?"

एक क्षण मी थांबलो. मग बोललो. "साहेबांना! हात मोडलाय! हातावर साखळी उमटलीय!"

मग आडव्या दोरावरचे सहाजण दोर टाकून पळाले.

ट्रान्सफॉर्मर हेलकावला, खांबावर आदळला, आणि साखळी तुटली. धूड त्या सहाजणांच्या जागेवर उभंच्या उभं येऊन बसलं, जमीन हादरली. तुटलेल्या साखळीचं टोक फिरत आलं आणि साहेबांच्या खुर्चीचा उजवा हात मुळातून उडवून घेऊन गेलं. तेलाचा ओघळ पाचोळ्यातून वाहू लागला. कुणाला काहीही झालं नव्हतं. साठ माणसांत एक ओरखडा नाही.

मेस्त्रीने तुटलेल्या साखळीचं टोक उचलून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बोंब मारली नसतीस तर ते सुटलंच नसतं, डाक्टर."

गंगव्वा पाण्याची घागर टाकून धावत आली होती. भरमाचे दोन्ही खांदे चाचपून झाल्यावर तिने माझे पाय धरले. "तुमी वरडला म्हनून माझा मानूस वाचला."

दोघंही समोरासमोर, दोघंही खरं बोलत होते, आणि मी मध्ये. मी गंगव्वाला उठवलं आणि मला एकदम संतापच आला. कुणाचा ते कळेना.

साहेब दुपारी उठले. डोळे तांबारलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला बोलावलं आणि विचारलं, "औषध किती दिलं होतं?" मी सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, माझ्यासमोर रिपोर्ट लिहिला. कंपौंडरने गैरवाजवी औषध दिल्यामुळे इंजिनियर कामावर गैरहजर. कंपौंडरने ओरडून माणसांना घाबरवल्यामुळे दोर सुटला. इंजिनियर हजर असता तर अपघात झाला नसता. सगळे रकाने भरलेले. तारखासुद्धा बरोबर क्रमाने, कारण साहेबांचा हात त्यात ओढ्यावर घसरून मोडलेला होता, साखळीने नव्हे.

आणि त्यातलं एकही वाक्य मला खोडता येईना. ते हजर असते तर मी तसा धावत गेलोच नसतो. मी ओरडलो नसतो तर त्यांनी दोर सोडला नसता. मग साखळी कशाला तुटली असती? पण मग आदल्या संध्याकाळी त्यांच्या हातावर ती उमटली कुठून?

माझी नोकरी गेली, हे सांगायला नकोच. निम्मा कॅम्प दुसऱ्याच दिवशी उळवीला निघून गेला. मी तिसऱ्या दिवशी लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत ट्रंक चढवत होतो, तर नाडकर्णीसाहेब चालत आले. हात झोळीत. "जाण्याआधी ड्रेसिंग बदलून द्या," म्हणाले. जसं काही झालंच नव्हतं.

मी गाडीच्या मागच्या फळीवर त्यांना बसवलं. पट्ट्या सोडल्या. साखळीचे वळ आता हिरवे-निळे पडले होते. गाडीवान बैलांना पाणी दाखवायला गेला होता. साहेब वळांकडे बघत हळूच म्हणाले, "गोविंदराव, मी घसरलो नव्हतो."

मी नवी पट्टी उलगडायला घेतली.

"घरून पत्र आलं होतं. तंबूत बसून वाचत होतो. दुसऱ्या ओळीवर होतो."

आणि मी ओरडलो. आयुष्यात वरिष्ठावर ओरडलो ती एकच वेळ. "मग त्या संध्याकाळी हे सांगायला काय झालं होतं? नुसतं माझ्यापुढे कबूल केलं असतं तर मी औषध दिलं नसतं, धावलो नसतो! आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं!"

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही ते लिहिलं असतं."

मी नवी पट्टी गुंडाळत राहिलो. ते खरंच होतं. मी लिहिलं असतं.

"रिपोर्टात घसरलो असंच राहू दे," ते उठताना म्हणाले, आणि डाव्या हाताने माझा हात घट्ट दाबून निघून गेले.

पुढे मी बेळगावलाच नोकरी केली. अनेक शहाण्या डॉक्टरांना हे सांगितलं. कुणी म्हणालं, इन्सुलेटरचं एखादं खोकं आधीच येऊन पडलं असेल. कुणी म्हणालं, साहेबांनी आदल्या दिवशी साखळी तपासताना हात मोडून घेतला आणि लाजेखातर लपवलं. असेलही. मग तो माणूस माझ्यापुढे, गाडीच्या फळीवर बसून, नोकरी गेलेल्या कंपौंडरपाशी कशासाठी खोटं बोलेल? यावर ते डॉक्टर घड्याळ बघतात. माझ्याकडेही उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा, पण कृपा करून त्यात देवभूत आणू नका.

मला त्याचं इतकं वाईटही वाटत नाही. त्या हाताचं मात्र वाटतं. मोडलेलं हाड मी घाईत, कंदिलाच्या उजेडात, चिडलेल्या हातांनी बसवलं होतं. नाडकर्णीसाहेब पुन्हा कधी भेटले नाहीत. हाड सरळ जुळलं की वाकडं, तेवढं तरी मला कळायला हवं होतं.